मुलाला फुटबॉलला घालताय? आधी सामने विचारा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की सोलापुरात चौकाचौकांत शिबिरांचे फलक लागतात. क्रिकेट, पोहणं, कराटे आणि हल्ली फुटबॉलसुद्धा. फलकावर मेस्सी नाहीतर रोनाल्डो असतो, खाली मोबाइल नंबर. पोरगं हट्ट धरतं. तुम्ही फोन लावता आणि विचारता, फी किती, वेळ कुठली, बूट आणावे लागतील का.

हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्यांच्या आधी एक प्रश्न विचारा. "वर्षाला सामने किती खेळायला मिळतील?"

समोरचा माणूस जरा अडखळेल. कारण सराव रोज असतो, शिबिर वर्षातून एकदा असतं, टी-शर्ट पहिल्या दिवशीच मिळतो. सामन्यांचं मात्र बहुतेक ठिकाणी धड ठरलेलं नसतं.

आपल्याकडच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. हरला की घरी. कुणाच्या तरी स्मरणार्थ चषक असतो, मंडप पडतो, लाउडस्पीकर लागतो, पाहुणे येतात. आठ संघांच्या अशा स्पर्धेत एकूण सामने होतात सात. त्यातले चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरची वाट धरतात. तुमचं मूल त्या चारांपैकी एकात असेल तर महिनाभराच्या सरावाच्या बदल्यात त्याला एक सामना मिळाला. आणि ते राखीव खेळाडूंत बसलेलं असेल तर तोही नाही.

शाळेच्या स्पर्धांचं तेच. तालुका किंवा शहर, मग जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. वरची पायरी चढणाऱ्या संघाला सामने मिळतात. बाकीच्या शाळांची पोरं एका दुपारी हरतात आणि पुढच्या वर्षाची वाट बघतात.

आता तेच आठ संघ साखळीत खेळवा. प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना. एकूण २८ सामने होतात आणि सगळ्यात शेवटच्या नंबरावर आलेल्या संघालाही सात मिळतात. लीग म्हणतात ती हीच.

यात आकड्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. बाद पद्धतीत कोच सर कच्च्या पोराला आत पाठवायला धजत नाहीत. एक चूक झाली की स्पर्धा संपली. लीगमध्ये एक सामना गेला तरी पुढचा रविवार असतो. म्हणून अकरावं, तेरावं, पंधरावं पोरगंही कधी ना कधी मैदानात उतरतं. तुमचं पोरगं संघात सगळ्यात पुढे असेल तर ते कुठेही खेळेल. ते मधलं-शेवटचं असेल, आणि बहुतेकांची पोरं तशीच असतात, तर त्याला लीगच हवी.

जवळचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूर बघा. तिथे पेठापेठांतल्या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आहेत आणि हीच संघांचीही. शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. कुस्तीच्या गावात फुटबॉल इतका रुजला, त्याचं श्रेय लोक कोल्हापूरच्या मातीला देतात, राजघराण्याला देतात. राजघराण्याचा आधार होता, खरंच आहे. पण माझ्या मते मोठं कारण वेळापत्रकात आहे. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे केएसए, दरसाल हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी घेते आणि शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची लीग लावते. यंदा सामने होणार की नाही, हा प्रश्न सहसा पडत नाही. म्हणून दहा वर्षांचं पोरगं पेठेच्या संघाकडे बघत मोठं होतं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता.

सोलापूरला मैदानं कमी नाहीत. पार्क मैदानाच्या जागी स्टेडियम झालं, कुमठा नाक्याला क्रीडा संकुल आहे, नेहरूनगरला मैदान आहे. मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय इथे आहे. चार भाषा बोलणारी पोरं एका गल्लीत खेळतात. गिरण्यांचे भोंगे बंद झाले तरी संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडायची सवय गेलेली नाही. कमी पडतो तो सामन्यांचा नेम.

तो नेम क्लबवाल्यांनी लावावा हे बरोबर. पण घरच्यांनी विचारल्याशिवाय तो लागत नाही. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो आहे, आई-वडिलांसाठी, आजोबांसाठी, मोठ्या बहिणीसाठी.

पहिल्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः मैदानावर जा. फोनवर ठरवू नका. अर्धा तास कडेला उभे राहा. मुलं रांगेत उभी आहेत की खेळताहेत ते बघा. तीस मुलांत दोन चेंडू असतील तर तुमच्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागेल, तुम्हीच मोजा. चेंडूचं मापही बघा. सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू दिला असेल तर विचारा. लहानांसाठी तीन आणि चार नंबरचे चेंडू मिळतात.

मग कोच सरांना आदराने विचारा. त्यांनी कुठलं लायसन्स केलंय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं पहिलं लायसन्स 'डी' असतं, पुढे सी, बी, ए. लायसन्स नसलेला माणूस वाईटच शिकवतो असं मुळीच नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं फुकट शिकवणारे जुने खेळाडू आहेत, त्यांच्या पाया पडावं. पण जो महिन्याला फी घेतो त्याला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

क्लबची नोंदणी आहे का? जिल्हा फुटबॉल संघटनेशी तो जोडलेला आहे का? ही साखळी नीट समजून घ्या. क्लब जिल्हा संघटनेकडे, जिल्हा संघटना 'विफा'कडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, आणि ती महासंघाकडे. विफा १९११ पासूनची, जुनी संस्था आहे. यातला एक दुवा तुटका असेल तर तुमच्या मुलाने शंभर गोल केले तरी ते कुठल्या वहीत येत नाहीत. अकादमी कितीही चकचकीत असो.

पैसे दिले की पावती घ्या. शंभर रुपये असले तरी. ऑनलाइन दिले असतील तर कुणाच्या खात्यात गेले ते बघा, क्लबच्या की एखाद्या माणसाच्या. सर चिडतील ही भीती मनात आणू नका. सरळ माणूस पावतीला चिडत नाही.

आता कागद. इथे घराघरांत नंतर रडारड होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खेळाडूची नोंदणी आता महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते. जन्मदाखला लागतो, ओळखपत्र लागतं, फोटो लागतो. हे कागद देताना त्यांच्या झेरॉक्स द्या, मूळ दाखला हातचा सोडू नका. अर्जावर तुमची सही लागेल. सही करण्याआधी क्लबचं नाव, तारीख आणि किती काळासाठी नोंदणी आहे हे वाचा. मुलगा एका वेळी एकाच क्लबचा नोंदलेला खेळाडू असतो. दुसरीकडे जायचं तर पहिल्या क्लबची एनओसी लागू शकते. म्हणून कोऱ्या अर्जावर सही कधीच नको. "नंतर भरतो" म्हणाले तर "मग नंतरच सही करतो" म्हणा. भरलेल्या अर्जाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वयाचं तर बजावूनच सांगतो. कुणी म्हणेल, "जन्मतारीख एक वर्ष पुढची लावू, पोरगं खालच्या वयोगटात चमकेल." तिथून उठा. वयोगटाच्या मोठ्या स्पर्धांत मनगटाची तपासणी करून हाडाचं वय काढतात. तिथे पकडलं गेलं तर बंदी येते. न पकडलं गेलं तरी दहावीच्या दाखल्यावर एक तारीख, खेळाच्या प्रमाणपत्रावर दुसरी आणि आधारवर तिसरी होऊन बसते. विशी-बाविशीत नोकरीचा अर्ज भरताना हे प्रकरण बाहेर येतं, आणि तेव्हा तारीख बदलायला सांगणारा माणूस फोन उचलत नाही.

प्रमाणपत्रांबद्दलही तसंच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. दोन्ही खरं आहे. पण दोन्हींसाठी कुठल्या स्पर्धा चालतात, कुठल्या पातळीवरचा सहभाग लागतो, हे नियमाने ठरलेलं असतं. गल्लीतल्या चषकाचं किंवा क्लबच्या लीगचं प्रमाणपत्र तिथे चालेलच असं धरून बसू नका. सवलतीच्या गुणांसाठी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना नववीतच विचारा, दहावीच्या फेब्रुवारीत नको. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते. पैसे देऊन बनवलेली प्रमाणपत्रं वापरणाऱ्यांवर राज्यात गुन्हे दाखल झाले आहेत. पाच-दहा हजारांत 'राज्यस्तरीय' करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि कधी असाही एक फोन येतो. "तुमच्या मुलाचा व्हिडिओ बघितला. मुंबईच्या मोठ्या क्लबच्या ट्रायलसाठी निवड झालीय. पंचवीस हजार भरा, सीट पक्की." कधी परदेशाचंही नाव घेतात. दुबई म्हणतात, स्पेन म्हणतात. तुम्ही यंत्रमागावर, बिडीवर, टॉवेलच्या शिलाईवर पै पै साठवलेली असते आणि पोराच्या डोळ्यांत चांदणं पडलेलं असतं. नाही म्हणवत नाही. तरीही थांबा. त्या क्लबचा नंबर तुमचा तुम्ही शोधून फोन करा, फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर नको. जिल्हा संघटनेत विचारा. परदेशाचं म्हणाल तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवायला फिफाची मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, पण असा फोन करून पैसे मागणाऱ्या एजंटाचं पत्र त्यात बसत नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या नंबरावर फोन करा, तो ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. १९३० हे सोलापुरातल्या मार्शल लॉचंही साल असल्यामुळे सोलापूरकराला हा आकडा पाठ करावा लागत नाही.

मूल खरंच चांगलं खेळत असेल तर त्याची बातमी सामन्यांमधूनच पुढे जाते. दर रविवारी खेळणारं पोरगं पंच बघतात, समोरच्या संघाचे कोच बघतात, निवड समितीतला माणूस बघतो. वर आयएसएल, मग तिच्या खालच्या देशपातळीवरच्या लीग, मग राज्यातली लीग, मग जिल्ह्याची. मुंबईत तर शहराच्या लीगमध्येच एकाखाली एक अनेक गट आहेत. बहुसंख्य पोरं तळच्या पायरीवरच खेळतील आणि तिशीत बूट ठेवून देतील. त्यात कमीपणा काही नाही. तेवढ्या वर्षांत त्यांना वेळेवर उठणं, हरणं, दुसऱ्याच्या चुकीवर न ओरडणं आणि चार पेठांतले मित्र मिळालेले असतात. फी भरताना एवढंच मनात धरा. जास्त मिळालं तर बोनस समजा.

आता शरीराचं बघू.

बूट घेताना आपलं मैदान बघा. आपल्याकडे बहुतेक जागा मुरमाची किंवा टणक मातीची. टीव्हीवर दिसतात ते लांब खुंट्यांचे बूट ओल्या गवतासाठी असतात. मुरमावर ते रुतत नाहीत, पाय मुरगळतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. बारीक आणि भरपूर रबरी खुंट्यांचे साधे बूट घ्या, स्वस्तातही मिळतात. "पाय वाढतोय" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. बुटाचे पैसे वाचवायचेच असतील तर वाचवा, पण नडगीवरचे शिनगार्ड आधी घ्या.

उन्हाचं तुम्हाला मी काय सांगणार! एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो. सकाळी आठच्या आत सराव संपला पाहिजे आणि संध्याकाळचा साडेपाचच्या पुढे सुरू झाला पाहिजे. भर दुपारी सामना ठेवला असेल तर "आमचा मुलगा येणार नाही" असं आईने सांगावं. कोचला आईला नाही म्हणणं अवघड जातं. ब्राझीलमधल्या २०१४ च्या विश्वचषकात उन्हामुळे सामना थांबवून जगातल्या भारी खेळाडूंना पाणी पाजलं होतं. मग सोलापूरच्या पोरांना मध्ये पाणी द्यायला लाज कसली?

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे मान्य. तरी मुलाची बाटली रोज भरून द्या. लिंबू, साखर, चिमूटभर मीठ घाला. रंगीत बाटलीतलं महागडं पेय नको. मूल बडबडायला लागलं, चालताना झोकांड्या देऊ लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, की सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. "थोडं बसू दे, बरं वाटेल" म्हणत वेळ घालवू नका. रमजानमध्ये रोजा धरणारी मुलं संघात असतील तर सराव इफ्तारनंतर ठेवता येतो. क्लबने तो ठेवावा, मुलाला मागावा लागू नये.

खायचं आपलंच बरं. भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, केळं. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी जेवण. वडापाव खाऊन धावणारं पोरगं पहिल्या पंधरा मिनिटांत कडेला येऊन पोट धरतं, हे कुठल्याही मैदानावर बघायला मिळेल.

डोक्याला मार लागला तर मात्र हयगय नको. दोन डोकी आपटली, मूल क्षणभर जरी भांबावलं, उलटी आली, "स्कोअर किती?" विचारल्यावर सांगता येईना, तर त्या दिवशीचा खेळ संपला. अंतिम सामना असला तरी. त्याला डॉक्टरकडे न्या, रात्री एकटं झोपवू नका. जमलेले लोक म्हणतील, "पाणी मार तोंडावर, उठेल." लोक दुसऱ्या दिवशी नसतात, तुम्ही असता.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बघत नाही. गोलपोस्ट. हलवता येणारा लोखंडी गोलपोस्ट जमिनीला पक्का बांधलेला नसेल आणि एखादं पोरगं वरच्या दांडीला लोंबकळलं, तर तो अख्खा सांगाडा पुढे कोसळतो. जगभरात यात मुलं दगावली आहेत. पुढच्या वेळी मैदानावर जाल तेव्हा पोस्टला मागून हात लावून हलवून बघा. हलला तर मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवायला सांगा. पोती चार लागतात, खर्च जवळजवळ नाही.

मुलींच्या आयांशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

मुलगी खेळू म्हणते तर खेळू द्या. शाळांच्या सुब्रतो चषकात मुलींचा वेगळा गट आहे. पण तिला पाठवताना तीन गोष्टी बघा. मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. बाहेरगावी संघ जातो तेव्हा बरोबर एखादी बाई असते का. सर मुलींशी एकट्याने फोनवर बोलतात की निरोप पालकांच्या ग्रुपवर येतात. तिसऱ्याचं उत्तर "ग्रुपवर" हेच हवं. मुलग्यांच्या बाबतीतही हेच हवं, कारण त्रास मुलग्यांनाही होतो आणि ते सांगत नाहीत. मूल अचानक मैदानावर जायला टाळाटाळ करू लागलं तर आळशी म्हणून रागावण्याआधी शेजारी बसवून विचारा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

आता थोडं तुमच्या-आमच्या वागण्याबद्दल.

कोल्हापूरची लीग मी वाखाणली, पण तिथला एक रोगही सगळ्यांना ठाऊक आहे. पेठेची ईर्षा मैदानाबाहेर येते. शिवीगाळ, बाटल्या, दगड, मग पोलीस. सामने बंद ठेवायची वेळ येते. त्यात नुकसान कुणाचं? ज्याने दगड मारला त्याचंच जास्त. अठरा-वीस वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. पासपोर्टच्या वेळी येतो. वडील मग कोर्टाच्या तारखांना कामावर दांड्या मारतात. सोलापुरातही मंडळं आहेत, झेंडे आहेत, भावकी आहे. म्हणून मोठ्यांनी सुरुवातीलाच या ईर्षेला आवर घालावा. सामन्याला जाल तेव्हा पंचाला शिवी घालू नका. आपल्याकडे पंच होतो तो बहुधा कुणाचा तरी दादा असतो, दिवसभर चार सामने शिट्टी वाजवून प्रवासखर्चापुरते पैसे घेऊन जातो. तो गेला की लीग गेली. समोरच्या संघाच्या मुलाला लागलं तर बर्फ तुम्ही न्या. तुमचं पोरगं ते बघतं.

बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणण्याचंही असंच आहे. एखादा चषक जिंकायला मंडळाचे कार्यकर्ते वर्गणी काढून तीन-चार बाहेरचे भिडू आणतात. चषक येतो, मिरवणूक निघते, डीजे वाजतो. आणि वर्षभर घाम गाळलेली गल्लीतली तीन-चार पोरं कडेला बसून टाळ्या वाजवतात. वर्गणी मागायला आले की विचारा, "आपली किती पोरं खेळणार?" वर्गणी तुमची आहे.

क्लबमध्ये लीगच नाही असं कळलं तर काय करायचं? मुलाला काढू नका. लीग लावा.

हसू नका. हे सरकारी काम नव्हे. महासंघानेच २०१८ मध्ये लहान मुलांच्या बेबी लीगची कल्पना पुढे आणली, ती अगदी पालकांनाही चालवता यावी अशीच होती. नागपूरला विजय बारसे या शिक्षकांनी वस्तीतल्या पोरांना एका चेंडूमागे जमवलं, त्याच्यावर 'झुंड' सिनेमा आला २०२२ मध्ये. तो काढणारे नागराज मंजुळे आपल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणजे गोष्ट नागपूरची असली तरी सांगणारा आपल्या जिल्ह्याचा.

सहा संघ गोळा करा. दोन शाळांचे, दोन वस्त्यांचे, दोन क्लबांचे. सात-सात मुलांचे संघ केले तर अर्धं मैदान पुरतं. सहा संघांचे एकूण १५ सामने होतात. रविवारी सकाळी दोन सामने लावले तर आठ रविवारांत लीग संपते आणि प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, परीक्षा आणि मे महिना वगळा. दिवाळीनंतर सुरू केलंत तर गड्ड्याच्या आत बसवता येतं. मंडप नको, पाहुणे नकोत, मोठा चषक तर मुळीच नको. ते पैसे चेंडू, पंच आणि औषधाच्या पेटीला लावा. एकच नियम कडक ठेवा. आलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवायचाच. जिल्हा संघटनेला आधी कळवा, पंच त्यांच्याकडून मागा, म्हणजे पुढे नोंदणीच्या लीगमध्ये जायला वाट राहते.

वेळापत्रक कागदावर लिहून आठही रविवार आधीच जाहीर करा. एखादा रविवार चुकला तर पुढचा धरा, पण यादी बदलू नका.

मैदानासाठी अर्ज लागेल. मैदान कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा, महापालिकेच्या, क्रीडा खात्याच्या की संस्थेच्या. अर्जात तारखा, वेळ आणि मुलांची संख्या लिहा. त्याच अर्जात स्वच्छतागृहाची चावी आणि पिण्याचं पाणी मागा. दोन प्रती करा, एकीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. आठवड्याने चौकशीला जा. जाताना एकटे जाऊ नका, चार-पाच आयांना बरोबर न्या. साहेब लवकर खुर्ची देतात.